नवी टाकी बसवल्यावर जुनी मोटारसायकल वारंवार बंद पडते: दोष कसा शोधावा आणि टाकी घेताना काय तपासावे

बुलेट, जावा, येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० यांपैकी एखाद्या जुन्या गाडीची मूळ टाकी तळातून सडली, की बहुतेक मालक डागडुजीच्या फंदात न पडता बाजारातून त्याच घाटाची नव्याने घडवलेली टाकी आणतात, तिला हौसेने रंग देतात, वर सोनेरी रेघा मारून घेतात आणि गाडी रस्त्यावर काढतात. त्यानंतर येणारी तक्रार जवळजवळ प्रत्येकाची सारखीच असते. गाडी सकाळी एका किकमध्ये सुरू होते, आठ-दहा किलोमीटर सुरळीत पळते, मग चढावर किंवा वेग वाढवताना तिचा दम तुटतो आणि ती बंद पडते. पाच-दहा मिनिटे थांबून किक मारली, की काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. मेकॅनिक प्लग बदलतो, कंडेन्सर बदलतो, पॉइंट घासतो, कार्बोरेटर उघडून साफ करतो. दोन-चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कार्बोरेटर साफ केल्यावर गाडी थोडे दिवस नीट चालत असेल, तर कार्बोरेटरमध्ये वरून काहीतरी येत आहे असे समजावे. टाकी नवी असल्यामुळे तिच्यावर कोणी संशय घेत नाही आणि तिथेच पैसा वाया जातो. नव्या घडवलेल्या टाक्यांत झाकणातून हवा आत न येणे, कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून, पुरेसे पेट्रोल न उतरणे, आतला गंज किंवा वेल्डिंगचा कचरा, आणि सांध्यांतून किंवा आट्यांतून होणारी गळती हे दोष पुन्हा पुन्हा आढळतात. पहिले तीन गाडी बंद पाडतात. चौथा आधी रंग खातो आणि वेळीच लक्ष दिले नाही, तर गरम इंजिनावर पेट्रोल सांडून गाडी पेटवू शकतो.

बुलेट सोडली तर या गाड्यांच्या बाबतीत कंपनीची नवी टाकी हा प्रकार आता उरलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, आरएक्स १०० चे उत्पादनही १९८५ ते १९९६ एवढेच चालले आणि एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० तर १९८३ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंतच बनली. म्हणून दुकानदार 'कंपनीचा जुना स्टॉक आहे' म्हणाला, तरी ती टाकी कुठल्या तरी लहान कारखान्यात, मूळ टाकीवरून साचा काढून ठोकलेली असण्याचीच शक्यता अधिक असते. त्यात वावगे काही नाही. भारतात घडवलेल्या अशा टाक्या बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ या ब्रिटिश गाड्यांसाठी परदेशातही विकल्या जातात आणि त्यांतल्या काही उत्तम असतात. मात्र त्यांचा दर्जा एकाच कारखान्यातही नगागणिक बदलतो, त्यामुळे मित्राला चांगली मिळाली म्हणून आपल्यालाही चांगलीच मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

पहिली तपासणी रस्त्यावरच

गाडी बंद पडली, की किक मारण्यापूर्वी झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा 'सुस्स' असा आवाज आला आणि त्यानंतर मिनिटाभरात गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाच्या हवेच्या वाटेत आहे. चहाच्या किटलीच्या झाकणाला ज्या कारणासाठी भोक असते, त्याच कारणासाठी ते टाकीच्या झाकणालाही लागते, कारण पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा वरून आत आलीच पाहिजे. अशा गाड्यांत पेट्रोलचा पंप नसतो. टाकीतील पातळी कार्बोरेटरपेक्षा साधारण तीस सेंटीमीटर उंच असते आणि तेवढ्या उंचीमुळे पेट्रोलला मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो. टाकीतील मोकळ्या जागेचा दाब एवढ्याशाने जरी घटला, तरी पेट्रोल उतरणे थांबते.

यावरून एक उपयोगी खूण मिळते. टाकी गळ्यापर्यंत भरल्यावर गाडी लवकर बंद पडत असेल आणि अर्ध्या टाकीवर बराच वेळ चालत असेल, तर झाकणावरचा संशय पक्का समजावा. भरलेल्या टाकीत मोकळी हवा थोडी असते, त्यामुळे थोडे पेट्रोल उतरले तरी तिचा दाब झपाट्याने पडतो. उन्हात टाकी तापत असताना पेट्रोलची वाफ ही उणीव काही काळ भरून काढते, म्हणून दुपारी ठीक चालणारी गाडी संध्याकाळच्या गारव्यात किंवा पावसात दगा देते. अशा वेळी मेकॅनिक कॉइलमध्ये ओल गेली म्हणतो आणि नवी कॉइल मालकाच्या गळ्यात पडते.

झाकणाची वाट बंद होण्याची कारणे साधी असतात. नव्या टाकीसोबत आलेल्या झाकणाचे रबरी वॉशर आतल्या छिद्रावर बसते, किंवा वरच्या पत्र्याचे आणि आतल्या पत्र्याचे छिद्र यांमध्ये मुळीच वाट ठेवलेली नसते. क्रोम केलेल्या झाकणात पॉलिशचा मेणासारखा लगदा छिद्रात अडकून सुकतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला छिद्र मोकळेच दिसते. त्यासाठी झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक नळी टेकवून तोंडाने फुंकून पाहावे. हवा सहज बाहेर गेली पाहिजे, आणि ओढून पाहिल्यास आतही आली पाहिजे, कारण काही झाकणांतली झडप एकाच दिशेने उघडते. वाट नसेल तर दोन्ही पत्र्यांना एक मिलीमीटरचे छिद्र पाडावे, पण ती समोरासमोर न येता एकमेकांपासून दूर असावीत. झाकणाला आरपार भोक पाडल्यास खड्ड्यातून जाताना पेट्रोल उसळून रंगावर येते आणि पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी आत जाते.

पेट्रोल किती उतरते ते मोजावे

झाकण निर्दोष ठरले, तर कार्बोरेटरकडची नळी काढून ती मापाच्या बाटलीत सोडावी, कॉक उघडावा आणि घड्याळ लावून मिनिटभर पाहावे. लिटरला तीस किलोमीटर देणारी बुलेट ताशी साठच्या वेगाने जाताना मिनिटाला तेहेतीस-चौतीस मिलीलिटर पेट्रोल पिते आणि पूर्ण थ्रॉटलवर, चढावर त्याच्या कित्येक पट. म्हणून मिनिटाला अडीचशे ते तीनशे मिलीलिटर अखंड धार पडत असेल तर टाकी आणि कॉक दोन्ही ठीक आहेत असे मी मानतो. धार सुरुवातीला जोरात येऊन हळूहळू बारीक होत असेल, तर ही चाचणी एकदा झाकण लावून आणि एकदा काढून करावी. दोन्ही वेळा धार बारीकच होत असेल, तर अडथळा कॉकच्या जाळीत किंवा नळीत आहे. ही चाचणी मोकळ्या हवेत, गार इंजिनावर, आणि आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही याची खात्री करूनच करावी.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीक असेल, तर नळीकडे पाहावे. नव्या टाकीवर कॉक बसवण्याची बैठक दोन-चार अंशांनी फिरलेली असते, त्यामुळे नळी दुमडते किंवा मध्येच वर चढून पुन्हा खाली येते आणि त्या कमानीत हवेचा बुडबुडा अडकतो. गंजावर उपाय म्हणून अनेकजण मध्ये कागदी फिल्टर बसवतात, पण पंपाच्या गाडीसाठी बनलेला फिल्टर या दोन टक्के दाबाला जुमानत नाही आणि मूळ दोषात आणखी एकाची भर पडते. बसवायचाच असेल तर जाळीचा, मोठ्या तोंडाचा फिल्टर बसवावा.

रिझर्व्हवर टाकूनही गाडी बंद पडते आणि टाकीत मात्र पेट्रोल खळखळते, ही तक्रार वेगळी आहे. टाकीच्या मधोमध चेसिससाठी जो बोगदा असतो, त्याने तळाचे दोन कप्पे झालेले असतात आणि कॉक त्यांपैकी एकाच कप्प्याला असतो. नव्या टाकीत बोगदा मूळ मापापेक्षा उंच ठोकला गेला, तर पलीकडच्या कप्प्यात जास्त पेट्रोल अडकून राहते. गाडी त्या बाजूने कॉकच्या बाजूला झुकवली की ते इकडे येते आणि गाडी सुरू होते, एवढ्यावरून निदान होते. यावर सोयीचा इलाज नाही. बसवण्यापूर्वीच रिकामी टाकी तिच्या जागी ठेवून, मापाने पाव-पाव लिटर पेट्रोल ओतत जावे आणि रिझर्व्हवर धार कधी सुरू होते व 'ऑन'वर कधी, हे लिहून ठेवावे. पहिला आकडा अडकून राहणाऱ्या पेट्रोलचा आहे. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे आपले खरे रिझर्व्ह, आणि ते मूळ गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळेलच असे नाही. कॉकच्या उभ्या नळीची लांबी कमी-जास्त करून ते हवे तसे करता येते.

कचरा वाचायला शिकावे

कॉक आणि कार्बोरेटरच्या वाटीतून निघालेला गाळ फेकून देण्यापूर्वी पांढऱ्या सुती फडक्यातून गाळावा, सुकू द्यावा आणि कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवावा. काळे, चकचकीत, टोकदार किंवा गोल कण चुंबकाबरोबर पळत असतील, तर तो वेल्डिंगचे शिंतोडे आणि पत्र्यावरचे काळे पापुद्रे यांचा कचरा आहे. तो काही आठवड्यांत धुऊन संपतो. तांबूस, पिठासारखी पूड चुंबकाला फारसा प्रतिसाद देत नसेल, तर तो ताजा गंज आहे आणि तो मात्र आपोआप संपणार नाही. पिवळसर किंवा राखाडी, नखाने दुमडणारे तुकडे दिसले, तर टाकीच्या आत कोणीतरी लेप दिलेला आहे आणि तो सुटू लागला आहे. काचेसारखे ठिसूळ आणि चुंबकाला न जुमानणारे खडे हे ब्रेझिंगच्या (पितळी झाळणाच्या) वेळी सांध्यावर लावलेल्या फ्लक्सचे असतात.

गंजाची पूड जाळीतून सहज निसटते आणि पायलट जेटमध्ये, म्हणजे गाडी उभी असताना इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक छिद्रात, जाऊन बसते, कारण त्या जेटचे छिद्र अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असते. म्हणून गंजलेल्या टाकीची पहिली खूण बहुधा आयडलिंगला दिसते: गाडी पळते, पण सिग्नलला उभी राहिली की विझते.

कोऱ्या टाकीत गंज कुठून येतो, हा प्रश्न रास्त आहे. कारखान्यात गळती तपासण्यासाठी टाकीत पाणी भरतात आणि ती नीट न सुकवताच झाकण लावून पोत्यात ठेवतात. पत्रा आम्लात धुतल्यानंतर आम्ल सांध्याच्या घडीत राहते. ब्रेझिंगचा फ्लक्स न धुतल्यास तो हवेतली ओल शोषत राहतो. जावा-येझदीसारख्या क्रोमच्या बाजूंच्या टाकीत ही अडचण जास्त असते, कारण अख्खी टाकी क्रोमच्या हौदांत बुडते आणि तोंडे नीट बंद केलेली नसतील तर तिथले द्रव सांध्यात शिरून पुढे वर्षभर आतून पत्रा खातात. बाहेरून झळाळणारी टाकी आतून पाहिल्याशिवाय घेऊ नये, हे क्रोमच्या टाकीला तर दुप्पट लागू पडते.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीचा तळाचा सांधाही तिथेच असतो. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी बाजूला लावून ठेवणाऱ्यांच्या टाक्या नेमक्या या रेषेवर सडतात. पूर्वी टाकी भरून ठेवावी असा सल्ला दिला जाई. दोन-तीन आठवड्यांसाठी तो आजही ठीक आहे, पण अख्ख्या पावसाळ्यासाठी मी टाकी पूर्ण रिकामी करून, आत टू-स्ट्रोकचे तेल फिरवून, झाकण लावून ठेवणे पसंत करेन.

आतून साफ करताना

बाथरूम धुण्याचे आम्ल टाकीत ओतू नये. ते गंज झटपट काढते, पण तेवढ्याच झटपट पातळ पत्राही खाते आणि धुतल्यावर अर्ध्या तासात टाकी पुन्हा तांबडी होते. सायट्रिक ॲसिडची पूड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम या प्रमाणात विरघळवून टाकी काठोकाठ भरावी आणि दर काही तासांनी टॉर्च लावून पाहावे. त्याआधी साबणाच्या गरम पाण्याने आतले तेल धुतले पाहिजे, कारण तेलकट पत्र्यावर आम्ल काम करत नाही. कॉक काढून त्याची जागा रबरी बुचाने बंद करावी. जाड गंज असेल तर मूठभर लहान नट-बोल्ट टाकून टाकी हलवावी. टाकण्यापूर्वी ते मोजावेत आणि बाहेर आल्यावर पुन्हा मोजावेत.

गंज निघाल्यावर पाणी ओतून टाकले की लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवावे, आणि मग वेळ न दवडता हेअर ड्रायरच्या किंवा ब्लोअरच्या गरम हवेने सुकवावे. ड्रायर लावायचा तो ज्या टाकीत पेट्रोल कधीच गेलेले नाही तिच्यातच; पेट्रोल एकदा जाऊन आलेली टाकी सावलीत, नुसत्या हवेच्या झोताने सुकवावी. शेवटी पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेल यांचे मिश्रण आत फिरवावे. हे सर्व रंगापूर्वी करायचे आहे. रंगवलेल्या टाकीवर आम्लाचा ओघळ आला, की रंगाचा खर्च पुन्हा करावा लागतो.

आतून लेप द्यावा की नाही, यावर मतभेद आहेत. चांगला, दोन घटकांचा इपॉक्सी लेप पूर्ण सुकलेल्या आणि खडबडीत पत्र्यावर टिकतो. परंतु जुन्या पद्धतीचे काही लेप इथेनॉलमध्ये मऊ पडून चादरीसारखे सुटतात आणि कॉकचे तोंडच बंद करतात. फायबर ग्लासच्या टाक्यांमधले पॉलिएस्टर रेझिनही इथेनॉलने फुगते आणि मऊ पडते, म्हणून कॅफे रेसरच्या, म्हणजे जुन्या गाडीला रेसच्या गाडीचे रूप देण्याच्या, हौसेखातर तशी टाकी घेणाऱ्याने हा धोका आधी विचारात घ्यावा. लेपाबद्दल शंका असेल तर तोच लेप पत्र्याच्या तुकड्यावर लावून, पूर्ण सुकू देऊन, पंपावरचे पेट्रोल भरलेल्या काचेच्या बरणीत दोन आठवडे बुडवून ठेवावा आणि नखाने खरवडून पाहावा. नव्या टाकीला मात्र लेपाची गरज पडू नये. विक्रेत्याने आतून आधीच लेप दिला असेल, तर बहुधा एखादी बारीक गळती झाकलेली असते.

गळती: पेट्रोल भरण्यापूर्वी शोधावी

कोऱ्या टाकीत अजून पेट्रोल गेलेले नसते, तोवर तिला ब्रेझिंग किंवा वेल्डिंग करणे सोपे आणि सुरक्षित असते. एकदा पेट्रोल आत गेले की रिकाम्या टाकीतली वाफ ज्योत लागताच स्फोट घडवू शकते, आणि 'धुऊन घेतली आहे' एवढ्यावर विसंबून टाकीला गॅस लावल्याने कारागीर जायबंदी झाल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून गळतीची चाचणी ही पहिल्या पेट्रोलच्या आधीची आहे.

झाकणाच्या गळ्यात रबरी बूच बसवावे, कॉकच्या जागी नळी जोडावी, सर्व सांध्यांवर साबणाचा दाट फेस लावावा आणि नळीतून तोंडाने फुंकावे. एवढा दाब पुरतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावण्याचा मोह टाळावा. टाकीची बाजू तीस सेंटीमीटर लांब आणि वीस सेंटीमीटर उंच धरली, तर तिचे क्षेत्रफळ सहाशे चौरस सेंटीमीटर होते आणि दोन बार दाबाला तिच्यावर सुमारे बाराशे किलो वजनाइतका जोर पडतो. टाकी क्षणात फुगते आणि मग कोणताही डेंटर तिला मूळ आकारात आणू शकत नाही.

साबणाने न सापडणारी गळती पेट्रोल शोधून काढते, कारण त्याचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतो आणि ते केसाएवढ्या फटीतही झिरपते. त्यासाठी जुनी, खात्रीची पद्धत अशी आहे: सांध्यांवर बाहेरून खडूची पूड पाण्यात कालवून लावावी, सुकू द्यावी, आत लिटर-दोन लिटर घासलेट ओतून टाकी आळीपाळीने वेगवेगळ्या कुशींवर रात्रभर ठेवावी. सकाळी पांढऱ्या खडूवर जिथे ओला डाग दिसेल, तिथे फट आहे. रेशनचे घासलेट आता दुर्मीळ झाल्याने डिझेलही चालते. त्यानंतर वेल्डिंग करायचे असल्यास टाकी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, जवळजवळ काठोकाठ पाणी भरून, फक्त कामाची जागा पाण्याबाहेर ठेवून आणि हे काम रोज करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

कॉकच्या आट्यांची गळती वेगळी असते. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ यांच्या टाक्यांना पाव इंची बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाइप) आटे असतात. त्यांचा बाहेरचा व्यास १३.१६ मि.मी. भरतो आणि इंचाला १९ आटे, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर १.३४ मि.मी. पडते. मेट्रिक १४ मि.मी.च्या आट्यांशी हे वरवर पाहता इतके जवळ आहे, की लेथवाला आटे पाडण्याचा एकाच्या जागी दुसराच टॅप फिरवतो, कॉक दोन-तीन फेरे जातो, मग घट्ट होतो, आणि मेकॅनिक पान्याने तो दाबून बसवतो. पितळेचे आटे तिथेच चिरडतात. जुन्या बुलेटचे घराणेही ब्रिटिशच असल्याने कॉक घेताना आटे मोजूनच घ्यावेत. कॉक शेवटपर्यंत हाताने फिरला पाहिजे, पान्याचे काम फक्त शेवटच्या पाव फेऱ्याचे. हे आटे सरळ असल्याने गळती वॉशरने थांबते, आट्यांवर गुंडाळलेल्या टेपने थांबत नाही. उलट त्या टेपचे धागे कार्बोरेटरपर्यंत पोहोचतात. आरएक्स १०० मध्ये कॉक दोन स्क्रूंवर, रबरी गॅस्केटसह बसतो. तिथे पाहायचे ते बैठक सपाट आहे की नाही, आणि ते काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासल्यास लगेच कळते.

टाकी घेताना

एकच नियम पाळायचा असेल तर तो हा: रंगवलेली टाकी घेऊ नये. रंग, स्टिकर आणि रेघा यांखाली पुट्टी किती आहे, सांधा कसा आहे, हे कळण्याचा मार्ग राहत नाही, आणि बसवून पाहताना ओरखडा उठला की विक्रेता परत घेत नाही. उघड्या पत्र्याची, वर फक्त तेल लावलेली टाकी मागावी. ती मिळत नसेल, तर निदान पातळ प्रायमरची. पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत करोल बागेत समोरासमोर घेणाऱ्याला हे सोपे पडते. कुरियरने मागवणाऱ्याने रंग देण्यापूर्वी गाडीवर बसवून पाहीन आणि बसली नाही तर परत करीन, ही अट आधीच लिखित स्वरूपात मान्य करून घ्यावी.

पत्र्याची जाडी वजनावरून ताडता येते. २० गेजचा पत्रा ०.९ मि.मी. जाड असतो आणि त्याचा एक चौरस मीटर सुमारे सात किलो भरतो. २२ गेजचा ०.७ मि.मी. असून त्याच क्षेत्रफळाला साडेपाच किलो. म्हणून जुनी टाकी आणि नवी टाकी एकाच काट्यावर, कॉक व झाकण काढून तोलावी. नवी पाचव्या हिश्शाने हलकी निघाली, तर पत्रा पातळ आहे. तो इंजिनाच्या थरथरीने टाकी चेसिसला धरणाऱ्या कंसाजवळ फाटतो. जड निघाली तर आनंदून न जाता पुट्टीचा संशय घ्यावा: कागदात गुंडाळलेला लहान चुंबक बाहेरून फिरवला की पुट्टीच्या जागी तो सैल पडतो.

आतून पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा आणि लवचिक तारेवरचा छोटा दिवा पुरतो. गळ्याखालचा भाग, बोगद्याच्या दोन्ही कडा आणि मागचा कोपरा या तीन ठिकाणी काळे शिंतोडे आणि तांबडे डाग शोधावेत.

मग टाकी गाडीवर ठेवावी, बोल्ट न लावता. बुलेटसारख्या बोल्टने कसल्या जाणाऱ्या टाकीत सर्व छिद्रे आपापल्या जागी आली पाहिजेत. टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढून आणावी लागली, तर तो ताण कंसाच्या वेल्डमध्ये कायमचा राहतो आणि काही शे किलोमीटरनंतर तिथे चीर पडते. आरएक्स १०० ची टाकी पुढे दोन रबरांवर सरकते आणि मागे एका बोल्टवर राहते, त्यामुळे तिथे पुढची बैठक घट्ट की सैल, एवढेच पाहायचे. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवावे, टाकीला किंवा केबलींना कुठे घासते का ते पाहावे आणि इंजिन सुरू असताना वळवल्यावर रेस वाढते का तेही ऐकावे. बोगद्याच्या आत कॉइल किंवा वायरिंग टेकत असेल, तर खडू घासून चिन्ह घ्यावे आणि तेवढाच भाग कारागिराकडून ठोकून घ्यावा. छिद्रे पाच मिलीमीटरपेक्षा जास्त चुकत असतील तर मी ती टाकी परत पाठवेन, कारण ज्याचा साचा एवढा चुकला त्याच्या सांध्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

जुनी टाकी बदल्यात देऊ नये, विक्रेता किंमत कितीही कमी करत असला तरी. तळ सडलेल्या टाकीचा वरचा भाग, झाकणाचा गळा, कॉकची बैठक आणि कंस बहुधा शाबूत असतात, आणि कोल्हापुरातल्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी मूळ पत्र्याला नवा तळ जोडून देणारा कारागीर सापडला, तर तशी दुरुस्त टाकी बाजारातल्या नव्या टाकीपेक्षा बहुतेक वेळा सरस ठरते. नवी टाकी घ्यावीच लागली तरी मापे घेण्यासाठी, कॉकचे आटे जुळवण्यासाठी आणि बोगद्याची उंची ताडून पाहण्यासाठी जुनीच लागते. नव्या टाकीवर एक पावसाळा निघेपर्यंत तरी ती भंगारात घालू नये.